शून्य दिवसाचा नकाशा

कस्तुरीनं स्कार्फ सोडला तेव्हा तिच्या आत्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. ती दर वेळी असंच करते, हे मला पुढे कळलं. पाहवत नव्हतं असं नाही. भाचीकडे दुसरं कुणी पाहत असताना आपणही पाहावं, हे तिला बरं वाटत नसे.

मी कॅलिपर उघडला. एम.एस्सी. होऊन मला चार महिने झाले होते. सांगलीच्या त्या रुग्णालयातल्या संशोधन विभागात माझं काम एकच होतं, मोजणं. गाठींची लांबी, रुंदी, उंची मोजायची, डागांची संख्या मोजायची आणि सगळे आकडे तक्त्यात भरायचे.

कस्तुरी हिप्परगी, वय चोवीस, जत तालुक्यातली, काम शीतगृहात बेदाणा निवडण्याचं. चेहऱ्याची उजवी बाजू रेखीव होती. डावी बाजू भुवईपासून खाली ओघळली होती. गालाची कातडी पिशवीसारखी जबड्याखाली लोंबत होती, डोळा अर्धा झाकला गेला होता, ओठाचा कोपरा ओढला गेला होता. मानेवर, पाठीवर, दंडांवर मटारापासून लिंबापर्यंतच्या मऊ गाठी होत्या. काही गाठी बोटानं दाबल्या की आत जात आणि बोट काढलं की पुन्हा वर येत.

"किती झाल्या?" तिनं विचारलं.

"एकशे बारा."

"गेल्या साली मी मोजल्या तवा त्र्याण्णव होत्या. पाठीच्या सोडून."

"पाठीच्या का सोडल्या?"

"डोळं पुढं हायत की मॅडम."

डॉ. निमकरांनी तिच्या अंगावरचे डाग पाहिले. चहा सांडून अर्धवट पुसावा तसे फिकट तपकिरी, कडा स्पष्ट. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठे सहा डाग असले की संशय घ्यायचा. तिला चौदा होते. काखेत बारीक ठिपके होते. दिव्याखाली डोळ्याच्या बुबुळात खसखशीएवढे उंचवटे दिसले. निदानाला तेवढं पुरेसं होतं.

"न्यूरोफायब्रोमॅटोसिस," निमकर म्हणाले. "मज्जातंतूंवर एक वेष्टण असतं. त्यातल्या पेशींना 'आता वाढू नका' असं सांगणारं एक प्रथिन असतं. हिच्या शरीरात ते अपुरं बनतं, म्हणून गाठी. हा महारोग नाही आणि लागट तर अजिबात नाही."

"हे कागदावर लिवून द्या," आत्या म्हणाली. तिचं नाव शांतव्वा. "शिक्क्यासकट द्या. पंचायतीच्या भिंतीवर लावते. बारा वर्सं हिचा कप येगळा ठेवल्याला हाय लोकांनी."

कस्तुरीची आई ती लहान असतानाच गेली होती. शांतव्वानंच तिला वाढवलं होतं, आपल्या मुलाच्या, मल्लिकार्जुनच्या बरोबरीनं. दोनदा शस्त्रक्रिया करून गाल कापून घेतला होता, दोन्ही वेळा तो पुन्हा वाढला होता.

"मुलांना हा आजार जाण्याची शक्यता निम्मी असते," निमकर पुढे म्हणाले. ते सांगणं नियमाला धरून होतं.

कस्तुरी हसली. हसताना चेहऱ्याचा उजवा अर्धाच हलला. "पुढच्या पिढीचं नंतर बगा डॉक्टर. आधी ह्या पिढीला कोण बगतंय?"

*

त्या उपचाराची कल्पना मला पहिल्यांदा समजली तेव्हा मी दोन दिवस आनंदात होते.

आपल्या कातडीतल्या प्रत्येक पेशीला स्वतःचा पत्ता ठाऊक असतो. तळहाताची कातडी मांडीवर लावली तरी ती तळहाताचीच राहते. डोक्याच्या मागचे केस टकलावर पुढे लावले तर ते मागच्यासारखेच वाढत राहतात, म्हणून तर केस लावण्याचा धंदा चालतो. गर्भ तयार होत असताना काही जनुकं प्रत्येक पेशीत हा पत्ता लिहून ठेवतात आणि तो मरेपर्यंत पुसला जात नाही.

आमच्या उपचारात हाच पत्ता वापरला होता. रुग्णाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करायचा आणि परत सोडायच्या. या बदललेल्या पेशी शरीरभर फिरतात. भेटलेल्या पेशीचा पत्ता वाचतात. त्या पत्त्यावर किती आणि कसली ऊती असायला हवी, याचा नकाशा त्यांच्याजवळ असतो. नकाशात नसलेलं जे वाढलेलं दिसेल, ते त्या हळूहळू कुरतडून टाकतात आणि कमी असेल तिथे नवी ऊती भरून घेतात. रुग्ण त्यांना 'राखणदार' म्हणत. नाव चांगलं होतं. आम्हीही तेच वापरायला लागलो.

नकाशा काढायचा तो उपचाराच्या आदल्या दिवशी, 'शून्य दिवशी'. संपूर्ण शरीराचं आतून-बाहेरून स्कॅन आणि बेचाळीस ठिकाणांहून तिळाएवढा कातडीचा तुकडा. बिघडलेल्या भागाचा नकाशा चांगल्या भागावरून उलटा करून घ्यायचा. कस्तुरीच्या डाव्या गालासाठी आम्ही उजवा गाल आरशात धरला, इतकंच.

"हे राखणदार किती दिस राहणार?" तिनं विचारलं होतं.

"दोन वर्षांत रक्तातून नाहीसे होतात," निमकर म्हणाले. "तोवर दिवस राहू देऊ नका. आणि काही विपरीत घडलंच तर एक गोळी आहे. तीन दिवसांत सगळे राखणदार मरतात. पण मग हा उपचार पुन्हा घेता येत नाही. शरीर त्यांना ओळखायला शिकतं आणि परत आत येऊ देत नाही."

"मग ती गोळी तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली.

*

अकराव्या महिन्यात ती आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. दारात एक मुलगी उभी होती, डोक्यावर काही नाही, हातात बेदाण्याची पिशवी. "बसू का?" तिनं विचारलं आणि आवाजावरून मला कळलं.

मी मोजलं. गाठी सात, त्याही डाळीएवढ्या. डावा गाल आणि उजवा गाल यांतला फरक दीड मिलिमीटर. मी तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, पुरे की. घासून जाईल."

शांतव्वाची मात्र एक तक्रार होती. "हिचं नाक बुजलंय. बगा. बाराव्या दिवशी टोचल्यालं नाक हाय, चमकी होती. आता भोकच न्हाई. लग्नात नथ कुठं घालू?"

मी डावी नाकपुडी पाहिली. कातडी एकसंध होती, व्रणही नव्हता. क्षणभर मी गोंधळले आणि मग मला उत्तर सापडलं. नाक टोचतात डावीकडे. डाव्या बाजूचा नकाशा आम्ही उजवीवरून घेतला होता. उजव्या नाकपुडीला भोक नव्हतं, म्हणून राखणदारांनी डावीचंही बुजवलं. इतकं सुबक स्पष्टीकरण मिळाल्यावर मला स्वतःचंच कौतुक वाटलं. निमकरांनाही ते आवडलं. त्यांनी पुढच्या परिषदेतल्या भाषणात ते घेतलं आणि लोक हसले.

"लग्न कुणाशी?" मी विचारलं.

"आमच्या मल्लूशीच," शांतव्वा म्हणाली. "पोरगी बगत फिरत हुतो, आन् पोरगी घरातच की!"

"आदी कदी दिसली न्हाई व्हय आत्या?" कस्तुरी म्हणाली. हसत म्हणाली. पण शांतव्वा पिशवीतले बेदाणे माझ्या टेबलावर ओतत राहिली.

लग्नानंतर आठवड्यानं कस्तुरीचा फोन आला. सोनाराकडून नाक पुन्हा टोचून घेतलं होतं. लग्नाच्या दिवशी नथ घातली, तिसऱ्या दिवशी काढली, चौथ्या दिवशी भोक पुन्हा बंद. "सोनार म्हणतोय, अशी कातडी आयुष्यात बगितली न्हाई. मल्लू... म्हंजे हे म्हणतात, तू रबरी झालीस."

मी हसले. तक्त्याच्या शेवटी 'इतर, किरकोळ' असा रकाना होता. त्यात लिहिलं: नाक टोचल्यावर भोक लवकर बुजणे.

सव्विसाव्या महिन्यात तिच्या रक्तात राखणदार शून्य भरले. निमकरांनी फाइलवर लिहिलं, 'गर्भधारणेस हरकत नाही.'

*

त्यानंतर ती दोन तपासण्यांना आली नाही. फोन केला तर शांतव्वा म्हणायची, पाव्हण्यांकडं गेलीय, बेदाण्याचा हंगाम हाय. तेहतिसाव्या महिन्यात तिघंही आली. मल्लिकार्जुन वायरमन होता, उंच, बोलायला कमी. तो दाराशीच उभा राहिला.

"पाचवा सरला," शांतव्वानं सांगितलं. "आमच्यात पाचव्यापतूर सांगत न्हाईत. तिसऱ्यात चोरओटी भरली, घरच्या घरी. दिष्ट लागू ने म्हणून आलो न्हाई, रागवू नगा. आन् बगा, पोट दिसतच न्हाई! मुलगा असणार."

"आत्या, तुमी गप बसा," कस्तुरी म्हणाली. तिच्या कपाळावर घाम होता. "मॅडम, पोट ओढतंय. आत कुणीतरी दोरी आवळल्यागत."

मी तिला झोपवलं. पोटाची कातडी ताणलेली नव्हती. घट्ट होती, तबल्याच्या पुडीसारखी. टेप बेंबीवरून फिरवली आणि आकडा वाचला: ७४.२. शून्य दिवसाचा तक्ता उघडला: ७४.२.

बावीस आठवड्यांच्या गर्भवतीचं पोट शून्य दिवसाएवढंच. छातीचं माप तेच. मांड्यांचं तेच. वजन चारशे ग्रॅमनं वाढलेलं.

मी टेप गुंडाळून ठेवली. सोनारानं पाडलेलं भोक मला तेव्हा आठवलं.

पहिलं भोक बुजलं, ते डावी बाजू उजवीसारखी करताना. ते स्पष्टीकरण खरं होतं. पण दुसरं भोक पडलं तेव्हा चेहरा तयार होऊन तीन महिने झाले होते. काम संपलं होतं, रक्तातले राखणदारही ओसरत चालले होते. तरी चार दिवसांत ते भोक भरून निघालं, म्हणजे कातडीत कुणीतरी पूर्ण ताकदीनं पहारा देत होतं. आम्ही रक्तात शोधत राहिलो आणि रक्तात शून्य मिळत गेलं. राखणदार मेले नव्हते. त्यांनी फिरणं थांबवून घरं केली होती.

संध्याकाळपर्यंत तिच्या पोटाच्या कातडीच्या तुकड्याचा अहवाल आला. सूक्ष्मदर्शकाखाली तिथे माणसांची वस्ती दाटावी तसे राखणदार दिसत होते. सोनोग्राफीत बाळ वाढीत तीन आठवडे मागे होतं. भोवतीचं पाणी कमी होतं. आणि गर्भाशयाची भिंत एका बाजूला पातळ झाली होती.

"शून्य दिवशी हिचं गर्भाशय किती होतं?" निमकरांनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं, तरी विचारलं.

"साडेसात सेंटिमीटर," मी म्हणाले.

नकाशा एका चोवीस वर्षांच्या अविवाहित मुलीचा होता. त्या नकाशात नसलेलं जे जे वाढतंय, ते गाठ. राखणदारांना याहून जास्त काही शिकवलेलं नव्हतं.

*

निमकरांनी तिघांना समोर बसवलं आणि काही न लपवता सांगितलं. वाट पाहिली तर भिंत फाटेल आणि दोघंही जातील. मार्ग दोन. चार दिवसांत गर्भ काढून टाकायचा, किंवा आजच गोळी घ्यायची.

"गोळी घेतली की गाठी येणार," कस्तुरी म्हणाली.

"येणार. आजार मुळातून गेलेला नाही. गवत कापत होतो आपण, मुळं तशीच आहेत. गरोदरपणात तर त्या जोरानं वाढतात."

"पयल्याएवढ्या?"

निमकर म्हणाले, "कदाचित जास्त."

ते बाहेर गेले. जाताना मला म्हणाले, "त्यांना वेळ द्या, पण फार नको." मी कोपऱ्यात बसून राहिले. कुणी जा म्हणालं नाही.

मग मल्लिकार्जुन म्हणाला, "पोर परत हुईल."

"होणार नाही," मी म्हणाले. मला बोलावं लागलं. "राखणदार असेपर्यंत कधीच नाही."

"मग दत्तक घेऊ. लोक घेतात की."

कस्तुरीनं त्याच्याकडे पाहिलं. "तुमाला माझं तोंड पायजे."

"तुला नको हाय व्हय?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग हळू म्हणाली, "लई पायजे."

तो तिच्या शेजारी येऊन बसला. तो तिच्या हातातल्या बांगड्या नुसत्या मागेपुढे सरकवत राहिला.

"गोळी घे," शांतव्वा म्हणाली. "तोंडाचं काय घिऊन बसलीस? मी तुला गाठींसकट मांडीवर वाढवलीय. मला काय फरक पडत न्हाई."

"तुला फरक पडला न्हाई?" लग्नापासून कस्तुरी तिला 'तुमी' म्हणत होती. आता म्हणाली नाही. "आत्या, मी तुझ्याच घरात हुते. तुझ्या डोळ्यांम्होरं. आन् तू मल्लूसाठी पार विजापूरपतूर पोरी बगून आलीस. माझ्याच हातचा चहा पिऊन गाडीत बसलीस."

शांतव्वानं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. रडण्याचा तो हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं असावं.

"मला वाटलं," ती म्हणाली, "त्याची पोरं तशीच हुतील. निम्मी म्हणाले हुते डॉक्टर. म्या भ्याले."

"आन् आता? आता निम्मी न्हाईत व्हय?"

"आता हाय त्ये हाय. जसं असंल तसं. आता त्ये आलंय."

कस्तुरी माझ्याकडे वळली. "मॅडम, ह्याला आजार हाय का न्हाई, कळतं का?"

"रक्ताच्या तपासणीत कळतं. दहा दिवस लागतात."

"दहा दिस न्हाईत."

"नाहीत."

मी तेव्हा तिला नाकाची गोष्ट सांगितली. लग्नानंतरच्या फोनवर ती जे बोलली होती त्याचा खरा अर्थ काय होता, मी काय समजले, आणि वेळीच समजले असते तर निमकरांनी फाइलवर ती ओळ लिहिली नसती. हे सांगायला मी वाईट वेळ निवडली होती. पण न सांगता तिथे बसणं मला जमेना.

तिनं पूर्ण ऐकलं. "तुमी लिवलंच न्हाई?"

"लिहिलं. किरकोळ म्हणून."

"नाकाचं भोक," ती म्हणाली. "किरकोळच की ते. मलाबी तसंच वाटलं हुतं." आणि थोड्या वेळानं, "गोळी कडू असती का?"

"मला माहीत नाही. अजून कुणी घेतलेली नाही."

मल्लिकार्जुननं मान वर केली. कस्तुरीनं पाण्याचा पेला मागितला.

*

तीन दिवस तिला एकशे तीन ताप होता. राखणदार मरत होते आणि त्यांचे अवशेष रक्तात उतरत होते. चौथ्या दिवशी ताप गेला. पाचव्या दिवशी पोट ७६ भरलं, नवव्या दिवशी ७९. इतके दिवस आवळून धरलेली कातडी एकदम सुटली आणि बेंबीभोवती जांभळ्या रेघा उमटल्या. तिला रात्रंदिवस खाज सुटायची. शांतव्वा खोबरेल तेल लावत बसायची आणि कस्तुरी तिला लावू द्यायची.

गोळीनंतर सहाव्या आठवड्यात डावी पापणी जड झाली. मी मोजलं, दोन मिलिमीटर. ती म्हणाली, "आकडा सांगू नगा. मला आतनं कळतंय."

बाळंतपणापर्यंत तिला रुग्णालयातच ठेवलं होतं आणि मल्लिकार्जुन दर रविवारी यायचा. तो तिच्या उजव्या बाजूला बसायचा. एका रविवारी तिनं त्याला बाजू बदलायला सांगितली. तो उठला, खाटेला वळसा घालून डावीकडे बसला आणि पूर्ण दुपार तिथेच बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला आणि थेट डावीकडे बसला. मधल्या रविवारी कुठे होता, हे तिनं विचारलं नाही.

चौतिसाव्या आठवड्यात पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. वजन एक किलो सहाशे. ती रडली तेव्हा निमकरांनी मास्कच्या आत श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी तिला डोक्यापासून टाचेपर्यंत पाहिलं. डाग नव्हते. त्याला काही अर्थ नव्हता. डाग वर्षभरात उमटतात.

कस्तुरीचा गाल तोवर जबड्याखाली उतरला होता. गाठी मी मोजल्या: एकशे साठ, आणि पाठ राहिली होती.

*

राहिल्या होत्या इतर जणी. या उपचारात एकंदर त्रेसष्ट रुग्ण होते. त्यांत मूल होण्याच्या वयाच्या बायका एक्केचाळीस, कस्तुरी धरून. सगळ्यांच्या फाइलवर 'गर्भधारणेस हरकत नाही' हीच ओळ होती.

"उपचार बनवणाऱ्या कंपनीला कळवलंय," निमकर म्हणाले. "त्यांची समिती बसली आहे. निर्णय होईपर्यंत रुग्णांशी परस्पर बोलायचं नाही. घबराट होईल."

"कधी होईल निर्णय?"

"तिमाही बैठकीत." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गुप्ततेच्या कागदावर मी सही केली आहे. तूही केली आहेस."

मी ते कस्तुरीला सांगितलं. तेही सांगायला मनाई होती. ती मुलीला छातीशी धरून बसली होती. शांतव्वा खाली चटईवर डुलक्या घेत होती.

"तुमी सही केली," कस्तुरी म्हणाली. "मी कुठं केलीय?"

या बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात त्या आपले नवे चेहरे टाकत, लग्नांचे, सणांचे, नुसत्या आरशातले. कस्तुरीच्या लग्नाचा फोटो तिथे अजून होता. तिनं मला फोन दिला आणि खिडकीच्या उजेडाकडे वळून बसली. मुलगी मांडीवर होती.

"पुरा काढा. डावीकडनं."

मी फोटो काढला. तिनं तो पाहिला, क्षणभर अंगठा थांबला, आणि मग तिनं खाली लिहिलं: 'मी कस्तुरी. राखणदार मेलेले न्हाईत. ते पोट वाढू देत न्हाईत. कुणाला दिवस असतील तर लगेच सांगलीला या. गोळीनं माझी मुलगी वाचली.'

तिनं पाठवलं. खुणा निळ्या होत गेल्या.

कुणी काही लिहिलं नाही. मग एक ओळ आली: नांदेडच्या एकीनं ग्रुप सोडला. मग आणखी एकीनं. मग एकदम चौघींनी. मुलीचं दूध पिऊन होईपर्यंत सतरा जणी गेल्या होत्या.

"बगवत नसंल," कस्तुरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मलाबी बगवत न्हाई."

मग एक संदेश आला, ग्रुपवर नाही, फक्त तिला. परभणीची होती, नाव रेवती. नावाशेजारी तिचा छोटा गोल फोटो होता, कपाळ मोकळं, हसरा. 'ताई, मला सहावा लागलाय. पोट दिसत नाही. गोळी न घेता काही होईल का?'

कस्तुरीनं तो दोनदा वाचला. मुलीला माझ्याकडे दिलं. दोन्ही हातांनी फोन धरून एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'न्हाई. दोन्हीतलं एकच मिळतंय. लवकर ये.'

उत्तर वाचल्याची खूण आली. मग त्या गोलातला हसरा चेहरा गेला आणि राखाडी रंग उरला. तिनं कस्तुरीला ब्लॉक केलं होतं.

मुलीला परत देऊन मी खाली विभागात गेले आणि रुग्णांची यादी उघडली. परभणी, क्रमांक सदतीस. मी माझ्या फोनवरून तो नंबर लावला. बऱ्याच वेळानं पलीकडे फोन उचलला गेला. कुणी 'हॅलो' म्हणालं नाही. फक्त श्वास ऐकू येत होता, वरवरचा, तोकडा, जागा कमी पडत असल्यासारखा.

"रेवतीताई," मी म्हणाले, "फोन ठेवू नका."